ओसीडी, मनातले अभद्र विचार आणि जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, हा मानसिक आजार आहे. एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली सात वर्षं मी घरात कोणालाही काही कळू दिलं नाही. हल्ली महिन्यातून एका रविवारी आमचा स्वमदत गट भरतो, आणि खरे प्रश्न गट सुटल्यावर येतात. चपला घालताना, जिन्यात, आवाज खाली आणून. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध हे मानसोपचारतज्ज्ञाचं काम; मी लिहितोय ते त्या दारापर्यंत पोचायला सोपं जावं म्हणून.

आधी एक. आत्ता, हे वाचताना जीव नकोसा झाला असेल, तर बाकीचं नंतर वाचा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. केंद्र सरकारची सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालू असते आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर ११२. आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारा, एकटे बसू नका.

ओसीडी म्हणजे स्वच्छतेचं वेडच ना? आमच्या आजीला होतं.

आजीला बहुधा खरंच असेल. मराठीत त्याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. पण मंत्रचळ म्हटलं की डोळ्यासमोर येते ती सोवळं सांभाळणारी, नळाची तोटी राखेने घासणारी, कोणी शिवलं की पुन्हा आंघोळ करणारी बाई. ओसीडीचं हे एक रूप झालं. दुसरी रूपं बाहेरून दिसतच नाहीत. एखादा माणूस कचेरीत फाईल उघडून शांत बसलेला असतो आणि मनातल्या मनात एकच वाक्य चौसष्ट वेळा म्हणत असतो.

आजाराचे दोन भाग. एक, नको असताना मनात घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. दुसरा, त्याने उठलेली घालमेल शमवायला केलेली कृती: धुणं, तपासणं, मोजणं, विचारणं, मनात जप करणं. यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जायला लागला किंवा काम, नाती, झोप बिघडायला लागली की तो स्वभाव राहत नाही, आजार होतो. भारतात २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात मोठ्या माणसांमध्ये ओसीडीचं प्रमाण साधारण ०.८ टक्के निघालं. बारा राज्यांत ते झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. तरी आपल्याकडे काही फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. तुमच्या सोसायटीत दोनशे माणसं राहत असतील तर एखाद-दोन जण असणार, आणि तुम्हाला ते नीटनेटके म्हणून माहीत असणार.

इतके घाणेरडे, क्रूर विचार मलाच का येतात?

सगळ्यांना येतात. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोघा संशोधकांनी कसलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा दहातल्या आठांनी सांगितलं की हो, असे विचार येतात. शांत सभेत उठून शिवी द्यावी, हातातलं बाळ खाली टाकावं, समोरच्याला ढकलावं. आजारी आणि निरोगी माणसांच्या विचारांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर कोणती कोणाची ते तज्ज्ञांनाही नेहमी ओळखता येत नव्हतं. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. बाकीचे "काय हे डोकं!" म्हणतात आणि भाजी चिरायला घेतात. आम्ही तिथेच बसून त्या विचाराची उलटतपासणी सुरू करतो.

आपल्या म्हणींत हे फार पूर्वी येऊन गेलंय: मन चिंती ते वैरी न चिंती.

मग "विचारांतला बिघाड" म्हणतात तो नेमका कुठे असतो?

माझंच सांगतो. सकाळी घरातून निघताना गॅस बंद केला का, हा माझा विषय. नॉबला हात लावून "बंद, बंद, बंद" असं तीनदा म्हणायचो. मग चारदा. मग स्मार्टफोन आला आणि वाटलं, सुटलो! नॉबचा फोटो काढायचा आणि निघायचं. स्वारगेटला पोचेपर्यंत तो फोटो बोटांनी मोठा करून पाहायचो. चौथ्या दिवशी बसमध्ये डोक्यात आलं, हा फोटो कालचा तर नाही? मग आजचा पेपर नॉबशेजारी धरून फोटो काढायला लागलो, तारीख दिसावी म्हणून. आठवडाभर बरं गेलं. नंतर वाटलं, पेपर धरताना कोपर लागून नॉब फिरला असेल तर?

गॅस बंद आहे हे मला माहीत होतं. डोळे शाबूत होते, बुद्धी शाबूत होती. गडबड होती ती मी त्या शंकेला लावत असलेल्या अर्थात. १९९७ मध्ये या विषयातल्या संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने असे अर्थ लावण्याच्या सहा सवयी वेगळ्या काढल्या. त्या आपल्या भाषेत सांगतो, कारण एकदा नाव कळलं की त्या पकडता येतात.

अवाजवी जबाबदारी: काही झालं तर ते माझ्यामुळेच होईल, आणि मी ते टाळू शकत होतो म्हणजे दोष माझाच. जिन्यात केळ्याचं साल दिसलं आणि उचललं नाही, तर पडणाऱ्या प्रत्येक माणसाचं पाप माझ्या माथी. दुसरी सवय धोका फुगवून पाहण्याची. तिसरी संशय न सोसण्याची; शंभर टक्के खात्री हवी, नव्याण्णव चालत नाही. चौथी, सगळं तंतोतंत हवं. पाचवी, मनावर पूर्ण ताबा असलाच पाहिजे, नसेल तर मी भ्रष्ट आहे असं मानण्याची.

आणि सहावी, जी आपल्या घरांत चांगली पोसली जाते: विचार आला म्हणजे तो कृतीइतकाच खरा, किंवा नुसत्या विचारानेही घटना घडते. लहानपणी अभद्र बोललं की आजी म्हणायची, "शुभ बोल रे नाऱ्या, वास्तू तथास्तु म्हणते." निरोगी मुलाला याने काही होत नाही. पण ज्याच्या मनात "बाबांना अपघात होईल" हा विचार दिवसातून शंभरदा येतो, त्याच्यासाठी ती वास्तू शंभरदा तथास्तु म्हणते. तो प्रत्येक वेळी विचार फिरवायला उंबरठा ओलांडून परत येतो. आजीचा दोष नाही. पण अशा घरात हे वाक्य बंद केलेलं बरं.

विचार दाबून टाकला तर?

ती वैद्याची गोष्ट आठवा. औषध घेताना माकड आठवायचं नाही, एवढंच पथ्य. बिचाऱ्याला जन्मात कधी आठवलं नव्हतं ते माकड पेल्याशेजारी येऊन बसलं. १९८७ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ वेग्नर यांनी लोकांना "पांढरं अस्वल मनात आणू नका" सांगून हाच प्रयोग केला आणि निष्कर्ष आपल्या वैद्याचाच निघाला.

ओसीडी असलेल्यांत आत्महत्येचा धोका खरंच जास्त असतो का? ते तर जिवाला जपणारे असतात.

डॉक्टरांनाही बराच काळ असंच वाटायचं. जो माणूस जंतूंना घाबरतो, अपघाताला घाबरतो, पापाला घाबरतो, तो जिवाचं बरंवाईट कशाला करेल? त्यामुळे ओसीडीच्या रुग्णाला हा प्रश्न विचारलाच जात नसे.

स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आरोग्याची आणि मृत्यूच्या कारणाची सरकारी नोंद असते. १९६९ ते २०१३ या काळातल्या नोंदींवरून ३६,७८८ ओसीडी रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. आत्महत्येने मृत्यू येण्याची शक्यता इतर लोकांच्या तुलनेत सुमारे दहापट निघाली, प्रयत्नांची सुमारे पाचपट. नैराश्यासारखे सोबतचे आजार हिशेबातून बाजूला काढले तेव्हा आकडा उतरला, पण धोका पुसला गेला नाही. म्हणजे तो सगळा नैराश्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

हे वाचून छातीत धस्स झालं असेल तर तोच अभ्यास दुसऱ्या बाजूने वाचा. त्या ३६,७८८ पैकी आत्महत्येने गेलेले ५४५. शंभरातले अठ्ठ्याण्णवहून अधिक जण त्या वाटेने गेले नाहीत. पटींचे आकडे नेहमी असेच घाबरवतात, आणि ओसीडीच्या माणसाच्या हातात पट द्यायचीच नाही खरं तर, तो रात्रभर गुणाकार करत बसेल. यातून घ्यायचं ते एवढंच, की हा प्रश्न विचारायला हवा. डॉक्टरांनी, घरच्यांनी, आणि आपला आपणही.

मलाही मरणाचे विचार येतात. ते ओसीडीचे आहेत की खरे?

जिन्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि सगळ्यात हळू आवाजात.

दोन माणसं डोळ्यासमोर आणा. पहिली, चौथ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी. तिच्या मनात एकदा येतं, "मीच स्वतःला काही केलं तर?" ती हादरते. त्या दिवसापासून गॅलरीत कपडे वाळत घालायला जात नाही, भावाला पाठवते. झोपताना खोलीचं दार उघडं ठेवते. दिवसातून वीसदा मनाला विचारते, मला मरायचं आहे का? नाही ना? मग हा विचार का आला? तिला जगायचं आहे, आणि आपल्या हातून काही होईल या भीतीने ती अर्धमेली झालीये. ओसीडीतली आत्महत्येची भीती बहुतेकदा अशी दिसते. विचार परका वाटतो, अंगावर येतो, आणि माणूस त्याच्यापासून पळतो.

दुसरा, चाळिशीचा एक गृहस्थ. रोज पाच तास धुण्यात जातात. नोकरी सुटली, बायको माहेरी गेली. त्याच्याही मनात मरण येतं, पण त्याला ते घाबरवत नाही. "हे सगळं एकदाचं थांबेल" असं वाटून त्याला जरा हलकं वाटतं. तो त्या विचारापासून पळत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसतो. घरच्यांना तो उलट शांत झाल्यासारखा वाटतो.

मरणाचा विचार आला की भीती वाटते की सुटका, हा पहिला प्रश्न. त्या विचारापासून लांब जाता की तयारी करता, हा दुसरा. सुटका वाटत असेल किंवा तयारी होत असेल, तर त्याच दिवशी मदत घ्यायची. सोमवारची अपॉइंटमेंट आहे म्हणून थांबायचं नाही.

आता यातली मेख. ही दोन माणसं एकाच अंगात राहू शकतात. ती घाबरलेली मुलगी दोन-तीन वर्षं तशीच राहिली, उपचार मिळाले नाहीत, तर थकून दुसऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसू शकते. शिवाय ओसीडीचा माणूस वरची कसोटीसुद्धा तपासणीला जुंपतो: "मला भीती वाटली ना? पुरेशी वाटली ना? मघाशीपेक्षा कमी का वाटली?" त्यामुळे हा निवाडा स्वतः करत बसू नका. इथे लिहिलंय ते डॉक्टरांसमोर शब्द सापडावेत म्हणून. माझं मराठी बरं आहे असा माझा समज, पण पहिल्या भेटीत मला एवढंच म्हणता आलं की "सर, डोकं चालतं फार."

धोका कधी वाढतो? घरच्यांनी काय पाहायचं?

याआधी एकदा प्रयत्न झालेला असेल तर ती सगळ्यात मोठी खूण. स्वीडनच्या नोंदींतही तीच सगळ्यात वर होती. मग नैराश्य, ओसीडीसोबत आयुष्यात कधी ना कधी ते येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दारू किंवा इतर व्यसन. आजाराची तीव्रता. आणि ज्यांचे विचार हिंसेचे, लैंगिक किंवा देवाधर्माबद्दलचे असतात त्यांच्यात धोका अधिक आढळतो. कारण उघड आहे: हात धुण्याबद्दल माणूस रडत का होईना बोलतो, पण "मला माझ्या भाचीबद्दल घाण चित्रं दिसतात" हे कोणाला सांगणार? तो ती लाज घेऊन एकटा राहतो आणि एक दिवस ठरवतो की मी असण्यापेक्षा नसलेलाच बरा.

बोलण्यातला बदल ऐका. "माझ्याकडून काही वाईट होईल का?" ही ओसीडीची भाषा. "तुम्हाला माझा फार त्रास होतो", "आता काही होणार नाही", "माझ्यामागे आईकडे लक्ष द्या" ही वेगळी भाषा आहे. हिशेब मिटवणं, जपलेल्या वस्तू देऊन टाकणं, अनेक महिन्यांच्या घालमेलीनंतर अचानक आलेली शांतता, यांकडे कानाडोळा करू नका. अशा दिवसांत माणसाला एकटं ठेवू नये. घरातल्या गोळ्यांचा साठा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असावा आणि रोजच्यापुरत्याच हातात द्याव्यात. गावाकडे शेतीची औषधं घरात ठेवायची पद्धत आहे, ती कुलपात जावीत आणि किल्ली दुसऱ्या माणसाकडे असावी. ही तीव्र लाट बऱ्याचदा काही तासांची असते. तेवढा वेळ मध्ये आला तरी माणूस वाचतो.

थेट विचारलं तर नसलेली कल्पना डोक्यात घातल्यासारखं होईल ना?

नाही होत. विचारल्याने धोका वाढत नाही हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आडून आडून विचारलं की समोरचाही आडून उत्तर देतो. आमच्या गटातल्या एका काकूंनी मुलाला पोळ्या लाटता लाटता विचारलं होतं, पाठ त्याच्याकडे करून: "बाळा, जीव द्यावासा वाटतो का रे तुला?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कधी कधी." काकूंनी गॅस बंद केला आणि हात न धुताच त्याच्याजवळ जाऊन बसल्या. भाषण दिलं नाही, शपथ घातली नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले.

शपथा घालू नका, बरं का. "माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा असं मनात आणणार नाहीस" म्हटलं की ओसीडीच्या माणसाला आईच्या मरणाची एक नवी जबाबदारी मिळते.

मुलगी दिवसातून पन्नासदा विचारते, "आई, मी कोणाला काही करणार नाही ना?" मी "नाही गं" म्हणते. चुकतंय का?

तुम्ही मायेने म्हणता, आणि प्रत्येक वेळी तिला पाच मिनिटं बरं वाटतं. अडचण त्या पाच मिनिटांचीच आहे. तुमचं "नाही गं" म्हणजे माझा गॅसचा फोटो. थोड्या वेळाने तिला नवा लागणार.

पण उद्यापासून एकदम तोंड बंद करू नका. तो छळ होतो. तिच्याशी आणि थेरपिस्टशी बोलून आधी ठरवा, मग हळूहळू कमी करा. "हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय गं, मी उत्तर देणार नाही. त्रास होतोय ते दिसतंय. चल, जरा भाजी निवडू." अशा धर्तीवर. तिच्यासाठी तुम्ही दारं तपासत असाल, तिच्या सांगण्यावरून पाहुण्यांना घराबाहेर थांबवत असाल, तेही याच यादीत येतं.

आणि मघाची ती वेगळी भाषा कानावर आली, "मी नसते तर तुमचं बरं झालं असतं", तर हा नियम तिथे लागू नाही. तिथे हातातलं काम टाकून विचारायचं. एक आई ओसीडीच्या पथ्यामुळे अशा वेळीही गप्प बसली होती. थोडक्यात निभावलं.

बाळंतपणानंतर सुनेला बाळाला इजा करण्याची चित्रं दिसतात. बाळ तिच्याजवळ ठेवायचं का?

ती घाबरून, रडून सांगत असेल, सुरी लपवून ठेवत असेल, बाळाला आंघोळ घालायचं टाळत असेल, तर हे बाळंतपणातल्या ओसीडीसारखं दिसतंय. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ओसीडी सुरू होणं किंवा वाढणं नवं नाही. अशा आया बाळाला इजा करत नाहीत, उलट अतिकाळजीने स्वतः कोसळतात. बाळ हिसकावून घेतलं की तिला वाटतं, म्हणजे मी खरंच राक्षसीण आहे.

मात्र तिला झोपच येत नाहीये, बोलणं विसंगत झालंय, आवाज ऐकू येतात, किंवा बाळाबद्दल काहीतरी विचित्र खात्रीने आणि न घाबरता सांगतेय, तर ती वेगळी आणि तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, बाळाजवळ दुसरं कोणीतरी सतत असू द्या. फरक डॉक्टरांनी करायचा, सासूबाईंनी किंवा शेजारणीने नाही.

आरती चालू असताना देवाबद्दल अश्लील विचार येतात. हे पाप आहे का?

हा प्रश्न मला एका कीर्तनकाराच्या घरातून आला होता. ज्याला देवाची पर्वाच नाही त्याला असे विचार सतावत नाहीत. ओसीडी नेमकं जे जिवापाड जपलेलं असतं तिथे जाऊन बसते. प्रायश्चित्त म्हणून अकरा वेळा, मग एकवीस वेळा स्तोत्र म्हणणं ही पूजा राहत नाही, ते हात धुणंच झालं. विचार येऊ द्या, आरती एकदाच म्हणा, प्रसाद घ्या. गुरुजींना समजावून सांगितलं तर बरेच गुरुजी मदत करतात. काही नवीन विधी सुचवतात, त्यांना नम्र नमस्कार.

उपचार काय असतात?

मुख्य दोन. पहिला, भीतीला सामोरं जायचं आणि ठरलेली कृती करायची नाही, असा सराव. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवरचा असा उपचार मांडला, तिथून हा मार्ग रुळला. ऐकायला निर्दयी वाटतो, पण पायऱ्या-पायऱ्यांनी जातो. माझी पहिली पायरी होती फोटो काढायचा पण बसमध्ये बघायचा नाही. पंधरा दिवसांनी फोटोच काढायचा नाही. मग नॉब एकदाच पाहायचा, हात न लावता. पहिल्या दिवशी स्वारगेटपर्यंत शर्ट भिजला होता. नवव्या दिवशी लक्षात आलं की डेक्कनला उतरेपर्यंत गॅस आठवलाच नव्हता.

याच्या जोडीला विचारांवर काम करता येतं. "माझ्यामुळे आग लागेल" म्हटलं की थेरपिस्ट कागदावर गोल काढायला लावतात आणि विचारतात, आग लागायची तर कोणाकोणाचा वाटा असेल? नळी बनवणारा, सिलिंडर तपासणारा, शेजारी, नशीब. सगळ्यांना गोलातली फाक देऊन झाल्यावर माझ्या वाट्याला पापडाच्या तुकड्याएवढी जागा उरली.

दुसरा उपचार औषधांचा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी, काहींना क्लोमिप्रामिन. ओसीडीत मात्रा नैराश्यापेक्षा सहसा जास्त लागते आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. बरेच जण चौथ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. आपल्या मनाने सोडू नका, अचानक तर नाहीच.

मरणाची भीती हा विषय असेल तर त्यावरचा सराव प्रशिक्षित माणसासोबतच, आणि खरा धोका नाही हे तपासल्यावरच. इंटरनेटवर बघून घरी करायचा हा प्रकार नाही.

या गोळ्यांनी आत्महत्येचे विचार वाढतात असं वाचलं.

अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना काहींना अस्वस्थता वाढते. त्यामुळे तरुण मुलांवर त्या काळात लक्ष ठेवावं, अस्वस्थता किंवा झोप उडणं दिसलं की डॉक्टरांना लगेच कळवावं. पण तो इशारा वाचून औषधच न घेणं म्हणजे उपचाराविना राहणं, आणि तिथला धोका वर पाहिलाच.

डॉक्टरांना खरं सांगितलं तर पोलीस केस होईल का?

विचार सांगणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्नाबद्दल सांगायचं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ असं धरून चालतं की ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती; शिक्षा सोडाच, तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमातला आत्महत्येच्या प्रयत्नाचा सर्वसाधारण गुन्हा उरला नाही. फक्त सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न त्यात आहे. डॉक्टर गुप्तता पाळायला बांधील असतात, पण जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगू शकतात, आणि त्यांनी सांगावंच. याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं असंही म्हटलंय. दाव्याच्या वेळी ते कलम दाखवावं लागतं हे वेगळं.

लग्न ठरवताना सांगायचं का?

सांगा. बैठकीत नको, ज्याच्याशी किंवा जिच्याशी लग्न करायचंय त्या माणसाला एकट्यात, लग्नाआधी. मी कॉफी हाऊसमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू बिल तीनदा मोजणार का?" मी दोनदा मोजलं.

पूर्ण बरं होता येतं का?

काहींची लक्षणं जवळजवळ जातात, बऱ्याच जणांची चढ-उतार करत राहतात. तीव्रता मोजायला डॉक्टर येल-ब्राउन मापन वापरतात: दहा प्रश्न, शून्य ते चाळीस गुण. १९८९ पासून वापरात आहे. गुण ३५ टक्क्यांनी खाली आले तरी उपचार लागू पडला असं मानतात. विचार शून्य व्हावेत अशी अट कोणी घालत नाही, ती अट फक्त आम्ही घालतो. पुन्हा तीच तंतोतंतपणाची खोड!

माझ्यापुरतं बरं असणं म्हणजे मोकळे झालेले तास. त्या तासांत मी पोहायला शिकलो, मेहुण्याच्या दुकानाचा हिशेब पाहतो, रात्री अकराला झोपतो. विचार अजून येतो. आला की त्याला "ये, बस" म्हणतो आणि त्याच्यासाठी चहा टाकत नाही.

कुठे जायचं, आणि पहिल्या भेटीत काय सांगायचं?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बाह्यरुग्ण विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. पाऊल टाकलं की कोंडून ठेवतात हा गैरसमज आहे. ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक चालतं. थेरपिस्टला आधीच विचारा, "ओसीडीसाठी भीतीला सामोरं जाण्याचा सराव तुम्ही करून घेता का?" नुसतं "पॉझिटिव्ह विचार करा" सांगणार असतील तर दुसरं दार बघा.

बोलायला जमणार नाही असं वाटलं तर कागदावर लिहून न्या. दिवसाचे किती तास जातात. काय करावंच लागतं. काय टाळता. झोप. दारू. आणि शेवटी, मरणाचे विचार येतात का, आले की भीती वाटते की सुटका. माझा कागद मी बाहेर बाकावर बसून तीनदा पुन्हा लिहिला होता, अक्षर नीट येईना म्हणून. डॉक्टरांनी तो वाचला, उलटा केला, मागची बाजू कोरी बघून विचारलं, "इथलं काय राहिलं?" तेव्हा मी ते शेवटचं सांगितलं.